कडुनिंबाचा पंचनामा कोण करणार?

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की सोलापूर-सांगलीकडच्या ऊसपट्ट्यात संध्याकाळी सात-साडेसातला बांधावरच्या कडुनिंबांतून घरघर ऐकू येऊ लागते. हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे जमिनीतून वर आलेले असतात. दिवसभर मातीत दडलेले हे तपकिरी जीव अंधार पडताच कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर चढतात. तिथंच पानं खातात, तिथंच जुळतात आणि उजाडायच्या आत पुन्हा जमिनीत शिरतात. फांदी हलवली की गारांसारखे टपटप खाली पडतात. मग पोरं ते गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकतात. गावानं मिळून केलं तर हा उपाय लागू पडतो, यात शंका नाही. मादी मातीत अंडी घालायच्या आत सापडली, तर तिच्यासोबत पुढची सगळी पिलावळ जाते.

या बाबतीत एक सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. झाडावर सरासरी २० किंवा त्याहून जास्त भुंगेरे दिसले, तर ताबडतोब बंदोबस्त करावा. हा सल्ला मी कितीतरी वेळा वाचला असेल. पण त्यात कडुनिंबाची जागा काय, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ते फक्त माप आहे. ताप किती चढला हे पाहण्यासाठी थर्मामीटर लावावा, तसं उसाला धोका किती हे पाहण्यासाठी आपण झाड पाहतो. एका रात्रीत त्या झाडाची पानं चाळणीसारखी झाली, याची नोंद कुठंच होत नाही. नुकसान म्हणजे उसाचं. झाडाचं काय, त्याला पालवी फुटतेच.

शेतातली कीड शेताबाहेरच्या रानात जाते, ही गोष्ट आपल्या शेतीच्या चर्चेत जवळपास नाहीच. उलट्या दिशेची वाहतूक मात्र सगळ्यांना पाठ असते. रानडुकरं जंगलातून येतात, रोही येतात, माकडं येतात. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून अमरावती-नागपूरपर्यंत आली, तेव्हा ताटं, डबे, फटाके घेऊन माणसं शिवारात धावली. रानाकडून शेतावर होणाऱ्या हल्ल्यासाठी आपल्याकडे अर्जाचा नमुना आहे, पंचनामा आहे, भरपाईचा शासन निर्णय आहे. ती भरपाई वेळेवर मिळते असं मी म्हणत नाही. पण निदान कागदावर नुकसान हा शब्द आहे. शेताकडून रानावर होणाऱ्या हल्ल्यासाठी तेवढाही शब्द नाही.

शिवाय आपण खापरही रानावरच फोडतो. कपाशीचा कुठलाही सल्ला काढून पाहा. बांधावरची पेटारी, रानभेंडी, अंबाडी उपटा, कारण किडी तिथं थांबतात आणि मग कपाशीवर येतात. हे खरंच आहे, खोटं नाही. पण अर्धंच आहे. पेटारीवरचा पिठ्या ढेकूण, कपाशीचा रस शोषणारा तोच किडा, मुळात आला कुठून, हे कुणी विचारत नाही. हुमणीच्या बाबतीत तर गावोगाव सरळ हिशेब मांडला जातो: कडुनिंब आहे म्हणून हुमणी आहे, तेव्हा कडुनिंब तोडा. याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

हुमणी काही परदेशातून आलेली नाही. ती इथल्याच मातीतली. वर्षाला तिची एकच पिढी होते. माळरानात, गवताच्या मुळांवर ती आधीही जगत होती आणि कोरडी जमीन, उन्हाळी नांगरट, कावळे-बगळे, साळुंक्या यांच्यामुळे आटोक्यात होती. मग आपण तिला ऊस दिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. त्यानंतर खोडवा, म्हणजे जमीन नांगरायची नाही. वरून बारमाही पाणी, म्हणजे माती कायम ओली आणि मऊ. अंडी घालायला, अळी वाढायला, कोष करायला याहून चांगली जागा हुमणीला स्वप्नातही मिळाली नसती. उजनीचं पाणी आल्यावर सोलापूर जिल्ह्याचा केवढा तरी भाग ज्वारीकडून उसाकडे वळला. याच जिल्ह्यात नान्नजचं माळढोक अभयारण्यही आहे. ते सलग नाही. गवताचे तुकडे, मध्ये शेतं, पुन्हा तुकडे. गोधडीला ठिगळं असावीत तसं. पूर्वी ठिगळं शेतांची होती, आता गवताची आहेत.

तुकड्यांची ही गोष्ट महत्त्वाची आहे. मोठ्या जंगलाच्या कडेला चार शेतं असतील, तर त्या शेतातले किडे जंगलाचं फारसं बिघडवू शकत नाहीत. पण शेकडो एकर एकाच पिकाच्या मध्ये पाच-दहा एकरांचं गायरान, एखादी देवराई, ओढ्याकाठची झाडी असं उरलं, की त्या तुकड्याला आतली अशी जागाच राहत नाही. सगळी कडाच. आणि कापणी झाली की शेतातल्या किड्यांचं घर एका दिवसात मोडतं. तोडणी टोळी येते, फड रिकामा होतो, पाचट पेटतं. जे किडे उडू शकतात, ते मरायला तिथं थांबत नाहीत. समोर जे हिरवं उरलेलं असतं, तिकडे जातात.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात याचं छान मोजमाप झालं आहे. तिथल्या प्रेअरीचे, म्हणजे आपल्या माळरानासारख्या उंच गवताच्या प्रदेशाचे, आता मक्याच्या समुद्रातली बेटं वाटावीत एवढेच तुकडे उरलेत. मक्याच्या मुळांवर जगणारी एक अळी आहे. तिचा भुंगा मक्याच्या तुऱ्यावर आणि कणसाच्या केसांवर ताव मारतो. ते वाळले की तो शेजारच्या प्रेअरीतल्या रानसूर्यफुलांवर उतरतो, पराग खातो, फुलाचे भाग कुरतडतो. मक्याच्या शेताला लागून असलेल्या कडेला भुंगे जास्त, फुलांची नासधूस जास्त आणि त्या फुलांत बी कमी, असं २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. कुणी फवारणी केली नव्हती, कुणी नांगर घातला नव्हता. कुंपणाबाहेर फक्त मका होता.

नेब्रास्कातला अनुभव याहून चमत्कारिक आहे. तिथं पिकातून रानात गेले ते शत्रूकिडे नव्हते, मित्रकिडे होते. पिकावरचा मावा खाऊन वाढलेले ढालकिडे गवताळ प्रदेशात शिरले आणि तिथल्या रानटी काटेरी रोपांवरच्या माव्यावर तुटून पडले. म्हणजे पीक फक्त किडीच पैदा करत नाही, किडी खाणारेही पैदा करतं. तो लोंढा बाहेर पडला की रानातला इवलासा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा किडाही संकटात येतो. मित्रकिडा हे नाव आपण दिलेलं. तो मित्र शेतकऱ्याचा, रानाचा असेलच असं नाही.

पण आपलंच उदाहरण घेऊ, ते पुरेसं बोलकं आहे. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण, शेतकरी ज्याला सरळ मिलीबग म्हणतात, तो मूळचा अमेरिकेतला. १८९८ साली न्यू मेक्सिकोत मुंग्यांच्या वारुळात सापडलेल्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं वर्णन झालं. आपल्याकडे २००५-०६ च्या सुमाराला गुजरात आणि पंजाबच्या कपाशीवर तो दिसला आणि पुढच्या काही हंगामांत महाराष्ट्रासह सगळ्या कापूसपट्ट्यात पसरला. बीटी बियाण्याचा, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या बियाण्याचा, त्याच्यावर काडीचाही परिणाम नाही. ते अळ्यांसाठी आहे, हा रस शोषणारा. अंगावर मेणचट पांढरी पावडर, त्यामुळे औषधही नीट चिकटत नाही. पिल्लं वाऱ्यानं, पाटाच्या पाण्यानं, माणसाच्या कपड्यांनी, अवजारांनी पसरतात. आणि मुंगळे त्याचे राखणदार, कारण त्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो.

कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर रचल्या. मिलीबग कुठं गेला? धुऱ्यावरच्या गाजरगवतावर. आघाड्यावर, पेटारीवर, शेवटी घरापुढच्या जास्वंदीवरसुद्धा. दीडशेहून जास्त वनस्पतींवर तो जगतो अशी नोंद आहे. त्यातली कित्येक आपण तण म्हणून नाक मुरडतो अशी असली, तरी आघाडा आणि पेटारी ही वैदूंच्या झोळीतली झाडं आहेत. त्यानंतर आला पपईवरचा पिठ्या ढेकूण. तो २००८ साली कोइमतूरला पहिल्यांदा नोंदवला गेला आणि बघता बघता पपई सोडून तुतीवर, सागावरही दिसला. साग! पपईची बाग आणि सागाचं रान यांचा संबंध कुणाच्या डोक्यात आला असता? कृषी विभाग पपई पाहतो, वन विभाग साग पाहतो. किड्याला खातेवाटप माहीत नसतं.

या दोन्ही किडींचा बंदोबस्त कसा झाला, तेही सांगायला हवं, कारण माझा मुद्दा तिथूनच पुढं जातो. पपईवरच्या ढेकणासाठी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या. कणभर आकाराच्या. त्यांनी काम चोख केलं. कपाशीवरच्या ढेकणासाठी तर काही आणावंच लागलं नाही. २००८ च्या सुमाराला शेतातच अशी एक माशी सापडली, जी ढेकणाच्या अंगात अंडी घालते आणि त्याचा तांबूस, कडक सांगाडा करून सोडते. तिचं शास्त्रीय नामकरण करताना बंबावाले या आपल्या शास्त्रज्ञांचं आडनाव दिलं गेलं. पुढं ती अमेरिकेत आधीच नोंद झालेल्या माशीचीच जात निघाली आणि नाव बदललं, ते वेगळं. मुद्दा असा, की शेत रिकामं असताना ही माशी जगते कशावर? धुऱ्यावरच्या गाजरगवतावर उरलेल्या ढेकणावर. म्हणजे तो धुरा जाळला की ढेकूण तर जळतोच, पण त्याचा काळही जळतो. पुढच्या हंगामात ढेकूण आधी परततो, माशी मागाहून. मधल्या महिन्यात फवारणीवाल्याची चंगळ.

इथं एखादा शेतकरी मला अडवेल आणि म्हणेल, दोन एकरांच्या माणसानं स्वतःचं पीक वाचवायचं की गायरानातल्या गवताची काळजी करायची? हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. कर्ज गवतावर मिळत नाही. रानातल्या झाडाचं नुकसान त्याच्या सातबाऱ्यावर येत नाही. आणि हेही खरं, की पिकावरच्या बऱ्याच किडी रानात गेल्या तरी तिथं फार टिकत नाहीत. रानटी झाडं केसाळ असतात, कडू असतात, चिवट असतात. हजारो वर्षं किड्यांशी झुंजून ती तशी झालीत. मोठा कडुनिंब भुंगेऱ्यांनी ओरबाडला, तरी पावसाळ्यात पुन्हा हिरवा होतो. तेव्हा सगळं रान उद्या वाळून जाणार, अशी ओरड करण्यात अर्थ नाही. ज्याला पालवी फोडायची ताकद नाही, त्याचा प्रश्न आहे. जुलैत गाजावाजा करून लावलेल्या हातभर रोपाचा, वर्षातून एकदाच बी धरणाऱ्या गवताचा, एका टेकडीपुरत्या उरलेल्या एखाद्या वेलीचा.

पण शेतकऱ्याच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर वेगळं आहे. रानाची काळजी रानासाठी करू नका, पिकासाठी करा.

बीटी कपाशीचंच बघा. २००२ साली ती आली, तेव्हा ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी दिली जायची. रेफ्युजी. शेताच्या कडेनं ती लावा, म्हणजे साध्या कपाशीवर वाढलेले पतंग बीटीवर तगलेल्या पतंगांशी जुळतील आणि किडीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही. किती जणांनी ती पुडी लावली, हे प्रत्येकानं आपल्या मनाशी आठवावं. बहुतेक पुड्या बांधावर फेकल्या गेल्या. तरीही हिरव्या बोंडअळीला बीटीनं दीर्घकाळ रोखून धरलं, आणि गुलाबी बोंडअळीपुढं मात्र ते हरलं. पहिल्या पिढीच्या बीटीला ती दाद देत नाही, हे गुजरातमधल्या चार जिल्ह्यांत २०१० मध्ये बीटी आणणाऱ्या कंपनीनंच मान्य केलं. २०१७ पर्यंत दुसऱ्या पिढीचं बीटीही निकामी झालं आणि महाराष्ट्रात हाहाकार उडाला. असं का झालं? कारणं अनेक आहेत. जास्त दिवस चालणारी संकरित वाणं, फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी, पऱ्हाट्यांचे ढीग. पण एक साधं कारण असं, की हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवर आणि पडीक रानातल्या नाना झाडांवरही जगते. तिला आयती रेफ्युजी होती, आपण न लावलेली. गुलाबी अळीला कपाशीशिवाय फारसं काही रुचत नाही. तिच्यासाठी बाहेर काहीच नव्हतं. म्हणजे ज्या पडीकाला आपण किडीचं आगर म्हणून शिव्या घालतो, त्यानं एका किडीविरुद्धचं आपलं हत्यार बोथट होण्यापासून वाचवण्यात हात दिला.

दुसरं उदाहरण रानभेंडीचं. बांधावरून उपटा म्हणून जिचं नाव सल्ल्यात येतं, तिच्याच कुळातल्या एका रानटी भेंडीशी पुसा सावनी या लागवडीच्या भेंडीचा संकर करून परभणीच्या कृषी विद्यापीठानं १९८० च्या दशकात परभणी क्रांती हे वाण दिलं. केवडा रोग, तोच पांढरी माशी पसरवते तो पिवळ्या शिरांचा, त्याला ते वाण त्या काळी दाद देत नसे. अनेक घरांत त्या भेंडीनं पैसा आणला. तुरीचंही तसंच. रानतुरीत शेंगा पोखरणाऱ्या अळीला तोंड देण्याचा गुण आहे आणि पैदासकार तो शोधत असतात. आता उसातली, मक्यातली, तुरीतली कीड लोंढ्यानं बाहेर पडून या रानटी भावंडांवर पडली, त्यांचं बीच धरलं नाही, तर पुढच्या परभणी क्रांतीसाठी आपण कुठं जाणार? बियाणं बँकेच्या शीतगृहात ठेवता येतं, हे मान्य. पण तिथलं बी झुंजत नाही. ते ज्या दिवशी ठेवलं, त्या दिवसाइतकंच शहाणं राहतं.

आणि आपण बांधाचं काय करतो? एप्रिलमध्ये पेटवतो. जूनमध्ये तणनाशक मारतो. झाडांवर भुंगेरे आहेत म्हणून झाडांवरच कीटकनाशक फवारतो, त्याच कडुनिंबावर, ज्याच्या निंबोळ्या वेचून आपण निंबोळी अर्क करणार असतो. हा विनोद रोज होतो, कुणी हसत नाही. वाऱ्यानं औषध कुठं जातं, हे तर विचारूच नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या हंगामात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत माणसं मरत होती, तेव्हा धुऱ्यापलीकडच्या मधमाश्यांचं काय झालं असेल हा प्रश्न विचारायलाही संकोच वाटतो. पण विष एकच होतं.

मग करायचं काय? नवीन कायदा आणा, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे कायदे पिकतात आणि कापणी होत नाही. किडीचा लोंढा बाहेर जाऊ नये असं वाटत असेल, तर तो आतच आटला पाहिजे, आणि त्याची जागा शेतातच आहे. फरदड न घेणं. पऱ्हाट्या धुऱ्यावर न रचता बारीक करून जमिनीत किंवा खतात घालणं. उसाचा खोडव्यामागून खोडवा न घेता मध्ये एखादं दुसरं पीक आणि उन्हाळी नांगरट. कडुनिंबावर औषध न मारता भुंगेरे हातानं आणि प्रकाश सापळ्यानं गोळा करणं, आणि तेही सगळ्या गावानं एका आठवड्यात. यातलं एकही नवीन नाही, हे मला कळतं. कोकणात पडलेले आंबे गोळा करून पुरा, म्हणजे फळमाशी वाढणार नाही, हेही जुनंच सांगणं. त्यासाठी दापोलीच्या विद्यापीठानं रक्षक सापळाही दिला. पण बागेत सडलेल्या आंब्यातून निघालेली माशी फक्त शेजाऱ्याच्या बागेत जाते असं नाही, रानातल्या जांभळातही जाते. एवढं लक्षात घेतलं, की तो आंबा उचलण्याला आणखी एक कारण मिळतं.

सरकारनं करायची गोष्ट मात्र नवीन आहे, आणि स्वस्तही. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यात धुमाकूळ घातला. त्यानंतर राज्यानं क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प उभा केला. ठरवून दिलेल्या शेतांत ठरलेल्या दिवशी माणूस जातो, किडे मोजतो, आकडे वर पाठवतो, त्यावरून गावाला सल्ला मिळतो. चांगली यंत्रणा आहे. तिचा पट्टा फक्त बांधापर्यंत आहे, एवढाच तिचा दोष. त्याच माणसाला त्याच फेरीत बांधापलीकडे पन्नास पावलं चालायला सांगा. गायरानात, ओढ्याच्या काठी, वनखात्याच्या हद्दीतल्या पहिल्या दहा झाडांवर काय आहे, ते त्यानं लिहावं. कोणती कीड, किती, आणि तिला खाणारं कोण. वन विभागानंही आपल्या कडेच्या रोपवनात तेवढंच करावं. सल्ला मग फक्त अमुक तण उपटा असा राहणार नाही. धुरा या महिन्यात जाळू नका, त्यावर मित्रमाशी आहे, असंही कधी म्हणता येईल. आज तसं म्हणायला आकडाच नसतो आणि आकड्याशिवाय आपलं कुणी ऐकत नाही.

जूनमध्ये कडुनिंबाखाली बॅटरी घेऊन भुंगेरे मोजणारा माणूस आजही आहे. वीसपर्यंत मोजून तो वहीत आकडा लिहितो आणि निघतो. निघण्याआधी त्यानं झोत जरा वर, पानांवर टाकावा. किती उरलीत, ते आकड्याशेजारी लिहावं. आणि पंधरा दिवसांनी त्याच झाडाखाली परत यावं.